सकाळचा निळा दुपारी जांभळट का होतो? डिजिटल मशीनवर रंग टिकवण्याबद्दल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. नागपुरात तुमची डिजिटल प्रेस आहे. ड्राय टोनरचं (कोरड्या रंगपुडीवर चालणारं) मशीन, त्याला वेगळा रिप (फाइलचं छापण्याजोग्या ठिपक्यांत रूपांतर करणारी यंत्रणा), हाताशी स्पेक्ट्रो (रंग मोजणारं उपकरण). रोज सकाळी कॅलिब्रेशन करता (चार्ट मोजून मशीन ठरलेल्या स्थितीवर आणता), तरी तीच फाइल सकाळी एक रंग देते आणि दुपारी दुसरा. एका हॉस्पिटलचं फोल्डर फेब्रुवारीत छापलं, मे महिन्यात त्याचीच रिपीट ऑर्डर आली, तेव्हा लोगोचा निळा जांभळट निघाला आणि गिऱ्हाइकानं गठ्ठे परत पाठवले. इंजिनिअर म्हणतो, मशीन ठीक आहे. आता बाहेरून माणूस बोलावून नवं प्रोफाइल करून घ्यावं का, असं तुम्ही विचारताय.

माझं उत्तर: आत्ता करू नका, ते पैसे वाया जातील. अमुक मशीनवर, अमुक कागदावर, इतके टक्के सायन (आकाशी) आणि इतके टक्के मजेंटा (गुलाबी) दिला की प्रत्यक्षात कोणता रंग उमटतो, याची मोजून केलेली नोंद म्हणजे प्रोफाइल. मशीन रोज तसंच वागत असेल तोवरच ती नोंद खरी. तुमचं मशीन एकाच दिवसात दोन तऱ्हांनी वागतंय. अशा मशीनचं प्रोफाइल काढणं म्हणजे ताणल्या जाणाऱ्या टेपनं माप घेण्यासारखं आहे. आकडा मिळेल, पण तो उद्या उपयोगी पडणार नाही.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी मिसळल्या आहेत. एक, तोच रंग पुन्हा येत नाही. दोन, जो रंग हवा तो येत नाही. दुसरीचं औषध प्रोफाइल आहे. पहिलीचं औषध खोली, कागद, मशीनची देखभाल आणि नीट क्रमानं केलेलं कॅलिब्रेशन हे आहे. आपल्याकडे बहुतेक जण दुसरीवर खर्च करतात आणि पहिली तशीच राहते. मग प्रत्येक कामाला ऑपरेटर रिपमध्ये कर्व्ह (रंगाचं प्रमाण कमी-जास्त करणारी रेघ) ओढत बसतो. आज मजेंटा पाच टक्के कमी केला, उद्या मशीन आपोआप जागेवर आलं, आणि आता ती पाच टक्क्यांची दुरुस्तीच चूक ठरते. काही महिन्यांनी रिपमध्ये अशा इतक्या दुरुस्त्या साचतात की मूळ स्थिती कोणती होती हे कुणालाच सांगता येत नाही.

तुमची तक्रार नेमकी कोणती, हे एका दिवसात कळेल. एकाच गठ्ठ्यातला एकच कागद घ्या. सकाळी मशीन गरम झाल्यावर कॅलिब्रेशन करा आणि एक चार्ट छापा: चारही रंगांचे सॉलिड (शंभर टक्के भरलेले), प्रत्येकाचा पन्नास टक्के, आणि सायन-मजेंटा-पिवळा मिसळून केलेला एक करडा. तोच चार्ट दुपारी आणि संध्याकाळी छापा, मधे कॅलिब्रेशन अजिबात करू नका. तिन्ही शिटा स्पेक्ट्रोनं मोजा आणि सकाळच्या शिटेपासून डेल्टा ई (दोन रंगांतला फरक सांगणारा आकडा) किती सरकला ते पाहा. मोजताना डेल्टा ई २००० हे सूत्र निवडा. १९७६ चं जुनं सूत्र गडद आणि भडक रंगांत फरक फुगवून सांगतं. नव्या सूत्रात निळ्या रंगांसाठी खास सुधारणा आहे, आणि तुमचं दुखणं निळ्यातच आहे. माझा स्वतःचा हिशेब असा: सॉलिड तीनच्या आत आणि करडा दोनच्या आत राहिला तर मशीन स्थिर समजायचं. त्याबाहेर गेला तर प्रोफाइलचं नाव काढायचं नाही.

यातलं किती तुम्हाला जसंच्या तसं लागू पडेल, ते मशीनचं वय, सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट, अस्सल टोनर वापरता की कंपॅटिबल, आणि गिऱ्हाईक किती चोखंदळ आहे यावर अवलंबून आहे. लग्नपत्रिका आणि शाळेची प्रमाणपत्रं छापणाऱ्याला जितकं चालतं, तितकं औषध कंपनीचे डबे छापणाऱ्याला चालत नाही. पण क्रम सगळ्यांना सारखाच आहे.

आता तुमच्या खोलीबद्दल. तुम्ही लिहिलं नाही, पण मे महिना आणि नागपूर म्हटल्यावर मी पहिला प्रश्न विचारीन: मशीनच्या खोलीत कूलर आहे का?

ड्राय टोनरचा सगळा खेळ स्थिर विजेवर चालतो. डेव्हलपरमध्ये (टोनर ढवळणाऱ्या भागात) टोनरचे कण कॅरिअरवर (बारीक चुंबकीय कणांवर) घासले जातात, त्यांच्यावर विद्युतभार येतो आणि त्या भारामुळे ते ड्रमवर (चित्र आधी उमटतं त्या नळकांड्यावर) चढतात. हवा कोरडी असली की कणांवर भार जास्त बसतो, मग ड्रमवर जाणाऱ्या टोनरचं प्रमाण घटतं आणि रंग फिका पडतो. हवा दमट झाली की भार कमी होतो, टोनर जास्त जातो, कधी पांढऱ्या जागेवरही हलकी धूळ दिसू लागते. मशीनमध्ये तापमान आणि आर्द्रतेचे सेन्सर असतात, ते सांभाळून घेतात, पण त्यांच्या झेपेलाही मर्यादा आहे. शिवाय चारही रंग सारखे हलत नाहीत. एक थोडा वाढला आणि दुसरा जागेवर राहिला की मिश्र रंगाची छटाच बदलते. तुमचा निळा सायन आणि मजेंटाच्या मिश्रणातून येतो, म्हणून हा बदल सगळ्यात आधी तिथेच दिसला.

आपल्याकडचा मे बघा. बाहेर पारा ४५ च्या पुढे, आणि दुपारची आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्या खाली. रात्री दुकान बंद, कूलर बंद, खोली कोरडी ठणठणीत. सकाळी तुम्ही त्याच हवेत कॅलिब्रेशन करता. मग कूलर सुरू होतो, दोन-तीन तासांत खोली दमट होते, उघड्यावरचा कागद ओल धरतो, मशीनही वेगळं वागू लागतं. सकाळचं कॅलिब्रेशन ज्या हवेसाठी होतं ती हवाच दुपारी उरलेली नसते. म्हणून इंजिनिअर खोटं बोलत नाही. तो आला त्या वेळी मशीन खरंच ठीक असणार.

काही शे रुपयांत डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) मिळतं. ते मशीनच्या शेजारी, कागद ठेवता त्या उंचीवर लावा आणि आठवडाभर दिवसातून तीनदा आकडे वहीत लिहा. खोली २० ते २५ अंश आणि आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली तर उत्तम. पण आकडा नेमका किती यापेक्षा तो दिवसभर हलत नाही हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ५८ टक्क्यांवर स्थिर राहणारी खोली ३० ते ६५ मध्ये झोके घेणाऱ्या खोलीपेक्षा कितीतरी बरी.

कूलर मशीनच्या खोलीतून काढा. एसी लावा, आणि उन्हाळ्यात त्याच्या जोडीला साधा ह्युमिडिफायर ठेवा, कारण एसी हवा आणखी कोरडी करतो. पावसाळ्यात उलटं: जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० च्या वर जाते, तेव्हा एसी हाच तुमचा ड्रायर. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ वर येतो, सकाळी मशीनचं लोखंड थंड असतं, तेव्हा गरम व्हायला जास्त वेळ द्या. खर्चाचं मला कळतं. सबंध दुकान थंड करण्याची गरज नाही. मशीन आणि दोन दिवसांचा कागद मावेल एवढी काचेची किंवा प्लायची खोली पार्टिशन करून घ्या आणि तेवढीच सांभाळा. कटिंग, बाइंडिंग, काउंटर बाहेर कूलरमध्ये चालू द्या.

कागदाचं प्रकरणही याच हवेशी जोडलेलं आहे. टोनर ड्रमवरून किंवा बेल्टवरून कागदावर येतो तोही विजेच्याच ओढीनं, आणि कागदात ओल किती यावर त्याचा विद्युतरोध ठरतो. ओल धरलेल्या आर्ट कार्डवर (लेप दिलेल्या गुळगुळीत जाड कागदावर) सॉलिड ठिपक्याठिपक्यांचं, डाग पडल्यासारखं येतं. फार कोरडा कागद एकमेकांना चिकटतो, एकावेळी दोन शिटा ओढल्या जातात. गठ्ठ्याच्या कडा लाटेसारख्या दिसल्या तर त्यानं खोलीतली ओल घेतली आहे असं समजा; कडा ताणून बसल्या असतील तर त्यातली ओल उडाली आहे.

व्यापाऱ्याकडून कागद येतो तो टेम्पोत उन्हात तापलेला असतो. तो आल्या आल्या फोडून ट्रेमध्ये घालू नका. वेष्टणासकट किमान एक दिवस मशीनच्या खोलीत राहू द्या, म्हणजे त्याचं तापमान खोलीशी जुळेल. वेष्टण छापायच्या वेळीच फोडा आणि उरलेल्या शिटा पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळा. शक्य तेवढं एका कामाचा कागद एकाच लॉटचा घ्या. रिपीट ऑर्डरला १७० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) आर्ट पेपर म्हटलं की मिळेल तो आणला जातो. पण दोन कंपन्यांच्या पांढऱ्या कागदांत एक निळसर आणि एक पिवळट असू शकतो. कागद निळसर दिसतो तो बहुधा त्यातल्या ऑप्टिकल ब्राइटनरमुळे (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेल्या रसायनामुळे). तुमचा निळा त्यावर वेगळा दिसेल, आणि त्यात मशीनचा काहीही दोष नसेल. जॉब कार्डवर कागदाचं ब्रँडनाव लिहायची सवय लावा.

मशीनच्या देखभालीबद्दल थोडक्यात, कारण ते मशीनप्रमाणे बदलतं. ड्रम, डेव्हलपर, ट्रान्सफर बेल्ट, फ्यूझर (उष्णतेनं टोनर कागदावर पक्का करणारा भाग) यांची आयुष्यं काउंटरवर दिसतात. ती महिन्यातून एकदा वहीत उतरवा. कोरोना वायर किंवा चार्ज युनिटची सफाई ठरल्या वेळी करा. पानाच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या घनतेत (रंग किती गडद बसला त्यात) फरक असेल तर आधी तो सोडवून घ्या. कॅलिब्रेशनचे चौकोन पानभर पसरलेले असतात, बाजूबाजूचा फरक असला तर मोजमापच गोंधळतं. कंपॅटिबल टोनर वापरत असाल तर त्यावर नेमक्या रंगाचा आग्रह धरू नका. आणि अस्सल व कंपॅटिबल आलटून पालटून तर मुळीच वापरू नका, कारण डेव्हलपरमध्ये दोन्हींचं मिश्रण फिरत राहतं.

एक गोष्ट मात्र इंजिनिअरही क्वचित सांगतात. दिवसभर प्रमाणपत्रं किंवा लेटरहेड छापली, म्हणजे कागदावर रंग जेमतेम, तर डेव्हलपरमधला टोनर खर्चच होत नाही. तोच टोनर पुन्हा पुन्हा ढवळला जातो आणि थकतो. त्यानंतर लगेच फोटो अल्बम किंवा गडद निळ्या पार्श्वभूमीचं काम लावलं की पहिल्या काही शिटांचा रंग वेगळा येतो आणि पुढे हळूहळू बदलतो. अशा वेळी रंगाचं काम लावण्याआधी भरगच्च कव्हरेजच्या काही शिटा रद्दीवर चालवा, मशीनमध्ये टोनर रिफ्रेशची सोय असेल तर ती वापरा, आणि मग कॅलिब्रेशन करा. शक्य असेल तिथे रंगाची कामं सलग लावा.

आता कॅलिब्रेशन. तुम्ही रोज करता हे चांगलंच आहे, पण कोणत्या क्रमानं? बहुतेक मशीनमध्ये दोन थर असतात. एक मशीनचं स्वतःचं ॲडजस्टमेंट, ज्यात ते बेल्टवर पट्टे छापून आपली घनता ठरवतं. दुसरा रिपचा थर, ज्यात तुम्ही स्पेक्ट्रोनं चार्ट मोजता. आधी मशीनचं, मग रिपचं. उलट केलं, म्हणजे रिपचं करून झाल्यावर मशीननं स्वतःला सावरलं, तर रिपनं मोजलेलं सगळं निरर्थक होतं. मशीन सुरू केल्या केल्याही करू नका. थोडं काम चालू द्या, फ्यूझर आणि आतली हवा स्थिर होऊ द्या.

दुसरी गोष्ट, कोणत्या कागदावर? साध्या कागदावर केलेलं कॅलिब्रेशन ३०० जीएसएम कार्डला लागू होत नाही. जाड कार्डाला मशीनचा वेग, फ्यूझरचं तापमान, ट्रान्सफरचं व्होल्टेज सगळं वेगळं असतं. रिपमध्ये कागदांची कुटुंबं करा: मॅपलिथो (साधा, लेप नसलेला), १३० ते १७० चा ग्लॉस आर्ट, मॅट आर्ट, जाड आर्ट कार्ड, आणि लागत असेल तर टेक्स्चरचा कागद. प्रत्येकाचं स्वतःचं कॅलिब्रेशन आणि त्याला जोडलेलं प्रोफाइल. पाचाच्या पुढे कुटुंबं वाढवू नका. सांभाळली जात नाहीत, आणि जुनं कॅलिब्रेशन हे नसलेल्या कॅलिब्रेशनपेक्षा जास्त फसवतं.

तिसरी गोष्ट माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक पाडते. कॅलिब्रेशनचं लक्ष्य ठरवताना मशीनच्या सगळ्यात चांगल्या दिवसाची घनता धरू नका. नवा डेव्हलपर, नवा ड्रम, छान हवा अशा दिवशी मशीन भरपूर टोनर देतं आणि रंग इतका भरघोस येतो की तेच लक्ष्य ठेवण्याचा मोह होतो. पण रिप फक्त जास्तीचं कापू शकतो. मशीन देत नाही तो टोनर रिप कुठून आणणार? चार महिन्यांनी तीच घनता गाठता आली नाही की रंग घसरतो आणि कॅलिब्रेशन करूनही जागेवर येत नाही. म्हणून लक्ष्य थोडं खाली ठेवा, पावसाळ्यातही आणि ड्रम अर्धा झिजल्यावरही गाठता येईल असं. रंग किंचित कमी भडक दिसेल. पण फेब्रुवारीत आणि मेमध्ये सारखा दिसेल, आणि परत आलेला गठ्ठा यामुळेच थांबेल.

स्पेक्ट्रोबद्दल एवढंच: त्याची पांढरी टाइल पुसलेली ठेवा, मोजताना शिटेखाली दर वेळी तोच बॅकिंग (तळाचा कागद) ठेवा, आणि मोजणीची अवस्था (कोणत्या उजेडात मोजायचं ते) बदलू नका. यात एम-० आणि एम-१ असे प्रकार येतात. एम-१ मध्ये अतिनील किरणांचं प्रमाण ठरवून दिलेलं असतं, त्यामुळे ब्राइटनर असलेल्या कागदावर दोघांचे आकडे वेगळे येतात. एक निवडा आणि सगळीकडे तोच वापरा.

हे सगळं जागेवर आलं, वर सांगितलेली तीन वेळांची चाचणी पास झाली, की मग खरा रंग येतो का या प्रश्नाकडे वळा. इथे आधी ठरवायचं असतं की बरोबर म्हणजे कशाच्या तुलनेत बरोबर. प्रेससाठी एक संदर्भ नक्की करा. ऑफसेटशी जुळवून घ्यायचं काम जास्त असेल तर कोटेड कागदासाठी फोग्रा ३९ (ऑफसेट छपाईच्या रंगांचा एक प्रमाणित संदर्भ) सोयीचा, कारण बाहेरून येणाऱ्या बऱ्याच फाइली त्याच धर्तीच्या असतात. फोग्रा ५१ नंतरचा आहे आणि ब्राइटनर असलेल्या आजच्या कागदांचा विचार करून केलेला आहे. त्याची मोजणी एम-१ मध्ये होते, फोग्रा ३९ ची एम-० मध्ये. कोणताही घ्या, पण डिझायनरांना लेखी कळवा. फोटोशॉप आणि इनडिझाइनची मूळ सेटिंग तशीच ठेवणाऱ्यांच्या फाइली बऱ्याचदा अमेरिकन स्वॉप प्रोफाइलमध्ये येतात, आणि त्या फोग्रा समजून छापल्या की करडे आणि त्वचेचे रंग सरकतात.

कोरलमधून येणाऱ्या फाइलींचा त्रास वेगळा. अर्धा फोटो आरजीबी (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत), अर्धा सीएमवायके (छपाईच्या चार रंगांत), आणि एक्स्पोर्ट करताना कोरलनं एकदा रूपांतर केलं, रिपनं दुसऱ्यांदा. काळी अक्षरं चार रंगांची होतात आणि कडेला सावली दिसते. रिपमध्ये शुद्ध काळी अक्षरं राखण्याचा पर्याय चालू ठेवा. आरजीबी फोटो आले तर ते एसआरजीबी (आरजीबीचा सर्वसाधारण प्रकार) समजा आणि रूपांतर रिपलाच करू द्या. पीडीएफ एक्स-४ (छपाईसाठीचा पीडीएफचा प्रमाणित प्रकार) मागवता आली तर उत्तम. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेला लोगो मात्र स्वीकारू नका. निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

नवं प्रोफाइल बनवाल तेव्हा बनवणाऱ्याला सांगा की करड्या रंगांत काळ्याचा वाटा जास्त ठेव. यात सायन-मजेंटा-पिवळ्याच्या मिश्रणाऐवजी बराच करडा काळ्या टोनरनं उभा राहतो. मग दिवसभरात मजेंटा थोडा हलला तरी करडा गुलाबी होत नाही. त्वचेच्या सावल्यांत किंचित कोरडेपणा येऊ शकतो, म्हणून अल्बमच्या कामाला वेगळं प्रोफाइल ठेवलं तरी चालेल. व्यावसायिक कामासाठी मला हा सौदा नेहमीच फायद्याचा वाटतो.

आता निळ्याकडे परत. नागपुरात निळ्याची कामं जबाबदारीची असतात. अशोक विजयादशमीच्या आधी दीक्षाभूमीवर येणाऱ्यांसाठी पोस्टर, स्टिकर, पुस्तिका छापल्या जातात, तेव्हा बाबासाहेबांच्या फोटोमागचा निळा जांभळा निघाला तर लोक ते चालवून घेत नाहीत, आणि घेऊही नये. फाइलमध्ये सायन १०० आणि मजेंटा १०० असा निळा असेल तर तो कागदावर जांभळाच येणार. स्क्रीनवर तो निळा दिसतो म्हणून डिझायनरचा विश्वास बसत नाही. सायन आणि मजेंटात किमान ३० टक्क्यांचं अंतर ठेवा. १०० ला ७० ही वरची मर्यादा, माझी पसंती ६० च्या आसपासची. आरजीबीतून रूपांतर होणाऱ्या भडक निळ्यातही हाच धोका असतो. लॅब रंगमापनात (रंग आकड्यांत मांडण्याच्या एका पद्धतीत) निळ्याच्या पट्ट्यात आकड्यांनी छटा तीच ठेवली, तरी रंगाचा भडकपणा कमी करताना तो डोळ्याला जांभळ्याकडे सरकलेला दिसतो. म्हणून रेंडरिंग इंटेंट (छपाईत न मावणारे रंग कसे बसवायचे याची सेटिंग) बदलून एक चाचणी प्रिंट जरूर घ्या.

केशरी आणि संत्र्याचा रंग हे दुसरं टोक. पॅकेजिंगवाला स्क्रीनवरचा लखलखीत संत्रा मागतो. चार रंगांत तो मिळत नाही. पिवळा १०० आणि मजेंटा ५० ते ६० एवढ्यावरच थांबायचं, सायन आणि काळा शून्य. याहून पुढे जायचं तर पाचव्या रंगाचं स्टेशन असलेलं मशीन लागतं. गिऱ्हाइकाला हे ऑर्डर घेतानाच नमुना दाखवून सांगा.

तो नमुना कोणत्या उजेडात दाखवता? काउंटरवर एक ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाची छटा सांगणारं एकक) पांढरी ट्यूब, दारातून दुपारचं ऊन, आणि गिऱ्हाइकाच्या ऑफिसात पिवळे दिवे: तीन ठिकाणी तीन रंग. टोनर आणि ऑफसेटची शाई यांची रासायनिक घडण वेगळी असल्यामुळे एका उजेडात जुळलेले दोन नमुने दुसऱ्यात जुळतीलच असं नाही. रंग पाहण्यासाठीच्या आयएसओ ३६६४ या मानकात डी-५० प्रकाश (सुमारे ५००० केल्विनचा) आणि बारकाईच्या तुलनेसाठी सुमारे २००० लक्स सांगितले आहेत. लाइट बूथ परवडत नसेल तर ५००० केल्विनच्या, सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० च्या वरच्या ट्यूब घ्या, मागची भिंत फिकट करड्या रंगानं रंगवा, आणि सही त्याच टेबलावर घ्या.

लॅमिनेशन नंतर होणार असेल तर सहीही लॅमिनेशन केलेल्या नमुन्यावरच घ्या. मॅट फिल्म चढली की काळा उतरतो आणि रंग मऊ होतात. ग्लॉस फिल्मनं गडद रंग आणखी खोल दिसतात. फेब्रुवारीचं फोल्डर एका फिल्मचं आणि मेचं दुसऱ्या व्यापाऱ्याच्या फिल्मचं असेल, तर तिथेही फरकाचा एक भाग सापडेल.

शिस्त टिकवायला एक कंट्रोल स्ट्रिप पुरते. १३ बाय १९ च्या शिटेवर काम १२ बाय १८ चं असतं, कडेची जागा रिकामीच असते. तिथे सॉलिड, पन्नास टक्के आणि करड्याची पट्टी प्रत्येक कामाला जाऊ द्या. दर शिट मोजू नका. कामाच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी एकेक मोजा, आकडा जॉब कार्डवर लिहा. आठवड्यातून एकदा ७२ चौकोनांचा फोग्रा मीडिया वेज छापून संदर्भाशी ताडून पाहा. क्लिकचा (दर छापामागे लागणारा) खर्च वाढतो अशी तक्रार होईल, पण एक परत आलेलं काम कित्येक महिन्यांच्या चाचणी शिटांचे पैसे खातं.

शेवटी तुमचं अडकलेलं फोल्डर. खोलीतून कूलर काढून दोन दिवस हवा स्थिर करा, कागद बंद वेष्टणात आत ठेवा. मशीनचं ॲडजस्टमेंट, मग त्याच १७० च्या कागदावर रिपचं कॅलिब्रेशन. फेब्रुवारीत मंजूर झालेली प्रत घ्या, उन्हात राहून फिकी झालेली नसेल याची खात्री करा, आणि लोगोचा निळा मोजा. त्या आकड्याच्या जवळपासचे सायन आणि मजेंटाचे चौकोन तीन-चार टक्क्यांच्या पायऱ्यांनी बदलत एका शिटेवर छापा, त्याच फिल्मनं लॅमिनेट करा, आणि ५००० केल्विनच्या उजेडात हॉस्पिटलच्या माणसाला चौकोन निवडू द्या. निवडलेला निळा रिपमध्ये त्या गिऱ्हाइकाच्या नावानं स्पॉट कलर (नाव देऊन जपलेला ठरावीक रंग) म्हणून जपा, फाइलमध्ये हात घालू नका. लोगो फाइलमध्ये त्याच स्पॉट नावानं आला की पुढच्या वेळी तो रंग तिथूनच उचलला जाईल. सही केलेली शिट तारीख, कागदाचं नाव आणि फिल्मचं नाव लिहून बंद पाकिटात ठेवा.

हे चालू असतानाच तीन वेळांची ती चाचणी करा आणि सकाळ, दुपार, संध्याकाळचे डेल्टा ई, सोबत खोलीचं तापमान आणि आर्द्रता मला कळवा. तिन्ही वेळा मशीन जागेवर राहिलं आणि तरी निळा संदर्भापासून दूर असला, तर प्रोफाइल कुणाकडून आणि कोणत्या कागदाचं आधी करायचं ते सांगतो.